लातूर-नांदेडमध्ये स्वस्त वाईन घेताय? आधी बाटलीवरचं वर्ष बघा

मे महिन्यात लातूर-नांदेडचा पारा चाळिशी पार करतो. अशा उकाड्यात दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने उभी राहिलेली वाईन खराब होऊ शकते. म्हणून इथं ब्रँडच्या आधी लेबलवरचं वर्ष बघायचं.

‘वाईन जुनी तितकी भारी’ हे स्वस्त बाटलीला लागू नाही. ती ताजी असतानाच प्यायची असते. पांढरी शक्यतो दोन वर्षांच्या आतली, लाल तीनच्या. जुनी बाटली कोणी सवलतीत देत असेल, तर ती इतके दिवस का उरली?

दुसरा घोळ ‘पोर्ट’चा. अस्सल पोर्ट पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यात होते. आपल्याकडं या नावानं मिळते ती स्वस्त, गोड लाल वाईन. गोड आवडत असेल तर खुशाल घ्या, पण जेवणासोबत ती जड पडते.

परदेशी वाईनवर भारतानं वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क लावलं, त्यामुळे तेवढ्याच पैशात नाशिकची बाटली सरस ठरते. त्यातही शेनिन ब्लाँ बघा. ‘सुला’नं ती २००० साली आणली, आता इतरही बनवतात. लाल वाईनचा तुरटपणा तिखटासोबत आणखी बोचतो. ही हलकी गोडसर-आंबट वाईन थंडगार असेल तर येसर घातलेल्या झणझणीत मटणासोबतही जमते.

उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, त्यामुळे एका रात्रीत संपवायची घाई नको.