चाल आठवते, गाणे आठवत नाही

बदलापूरहून सकाळची लोकल पकडून ज्यांनी मुंबईत नोकरी केली आहे, त्यांच्याशी ओळख एका वाक्यात होते: मी भजनाच्या डब्यातल्या माणसाची मुलगी. बाबांनी सत्तावीस वर्षे बदलापूर ते व्ही. टी. हा अडुसष्ट किलोमीटरांचा प्रवास टाळ वाजवीत केला. त्यांच्या मंडळाचे वेळापत्रक रेल्वेच्या वेळापत्रकापेक्षा पक्के होते. अंबरनाथ सुटेपर्यंत नमन, मग रूपाचा अभंग, मधल्या मोठ्या टप्प्यात गवळणी आणि भायखळा आले की भैरवी. गाडी मध्येच अडकली तर भैरवीही अडकायची, पण भैरवीआधी कोणी उतरायचे नाही. एकादशीला ही मंडळी आमच्या दोन खोल्यांच्या घरात सरावाला जमत. त्यांच्या निम्म्या चाली सिनेमातल्या होत्या. शब्द तुकोबांचे, सूर एखाद्या हिंदी नायिकेचे. आईने एकदा दबक्या आवाजात विचारले, "अहो, हे चालतं का?" बाबा म्हणाले, "तुकोबांना चालतं. नायिकेचं मी विचारलेलं नाही."

हे सगळे मला आवडत असे. म्हणूनच पुढे जे घडले त्याचे मला जास्त वाईट वाटते.

गेली एकोणीस वर्षे मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. माझे स्वतःचे शिक्षण एम. ए. वर थांबले, पण पीएच. डी. चा विषय निवडताना जुने विद्यार्थी अजून माझ्याकडे येतात. त्याला पैसे पडत नाहीत, हे एक कारण असावे. २०१८ च्या दिवाळीनंतर असाच एक मुलगा आला. वर्गात मागच्या बाकावर बसणारा, उत्तरपत्रिकेत मात्र पुढे असणारा.

"विषय ठरवला का?" मी विचारले.

"भीमगीतं, मॅडम. आपल्या पट्ट्यातल्या गायन पार्ट्या. माझे आजोबा गायचे, लिहायचे पण." आणि त्याने पिशवीतून एक वही काढली.

लाल कापडी पाठीची, दुकानदार वापरतात तसली लांबोडी वही. आत निळ्या शाईने लिहिलेली दोनशेच्या आसपास गाणी. प्रत्येक गाण्याच्या वर उजव्या कोपऱ्यात दोन शब्द: "चाल अमुक." मी चारपाच पाने उलटली. व्याकरणाच्या दोन चुका दिसल्या. मास्तरकीच्या डोळ्यांना त्या आधी दिसतात. मी म्हणाले, "भावना चांगली आहे रे, पण संदर्भग्रंथ कुठून आणशील? आणि सगळं सिनेमाच्या चालींवर आहे. संतसाहित्यात एखादा नीट विषय बघ. वर्षभर वाच, मग ठरवू."

त्याने वही परत पिशवीत घातली. "झेरॉक्स काढून ठेव," एवढेही मला सुचले नाही.

तुकोबा सिनेमाच्या चालीवर गायले की ती भक्ती आणि बाबासाहेबांवरचे गाणे त्याच चालीवर गायले की ते 'सगळे सिनेमाच्या चालींवर', हा न्याय मी कोणत्या शास्त्रातून काढला होता, कोण जाणे. बाबासाहेबांचे आमच्या गावाशी नाते तर माझ्या बाबांच्या जन्माच्याही आधीचे. १९२७ च्या मे महिन्यात बदलापूरला शिवजयंतीचा उत्सव झाला, त्याचे अध्यक्षस्थान डॉ. आंबेडकरांनी स्वीकारले होते. हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि समोर वही आल्यावर ते आठवणे वेगळे.

२०१९ च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला. महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकून पडली, तोच हा पूर. त्या मुलाचे कुटुंब उल्हासनगर सोडून बदलापूर पश्चिमेला राहायला आले होते, तळमजल्यावर. पाणी उतरल्यावर त्याने फोन केला. माणसे सुखरूप होती. वहीचा लगदा झाला होता. शाई धुऊन गेली होती, म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मला बरे वाटले असते.

मग मी वाचायला बसले. जे त्याला वर्षभर वाचायला सांगितले होते, ते मीच वाचू लागले आणि माझी बरीच फजिती झाली.

इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात १९६४ साली रिचर्ड हॉगर्ट यांनी समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचे एक केंद्र काढले होते. तिथल्या मुशीत तयार झालेल्या डिक हेब्डिज नावाच्या अभ्यासकाने १९७९ साली 'पंक' पोरांवर पुस्तक लिहिले. ही पंक पोरे म्हणजे फाटके कपडे, त्यांना लावलेल्या सेफ्टी पिना, तीन सुरांत उरकणारी आरडाओरड्याची गाणी. राणीच्या रौप्यमहोत्सवाच्या वर्षी, १९७७ साली, त्यांच्यातल्या 'सेक्स पिस्टल्स' या टोळीचे राणीवरचे गाणे वाजवायला बीबीसीने नकार दिला होता. सभ्य लोक ज्याला कचरा म्हणत, त्या सेफ्टी पिनेत हेब्डिजने अर्थ वाचला. ही पिन काहीतरी नाकारते आहे, असे तो म्हणाला. आणि पुढे असेही म्हणाला की बाजार लवकरच हा नकार विकत घेतो आणि दुकानात टांगतो. हे वाचताना मला हसू आले. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांनी गल्ल्या भरल्या आहेत. तिथे नवी कोरी पँट मापात फाडून देतात. फाडायची मजुरी वेगळी.

त्या पोरांची मासिके झेरॉक्स केलेली असत. घरी जुळवायची, हाताने वाटायची. आपल्याकडे सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गाण्यांच्या ज्या पातळ पुस्तिका विकायला असतात, त्यांची आठवण मला झाली. साम्य इथपर्यंतच. तिकडच्या पोरांना उद्या नसल्याचा राग होता. इकडच्या गाण्यांना उद्या हवा आहे. आणि नेमक्या या पुस्तिकांवर, या गाण्यांवर पुणे विद्यापीठातल्या शर्मिला रेगे यांनी २००८ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त लेख लिहिला होता. चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबर म्हणजे नुसती भाबडी व्यक्तिपूजा, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी या गाण्यांचा आणि पुस्तिकांचा पुरावा दाखवला. लावणी आणि पोवाडा यांवर तर त्यांनी त्याआधीच लिहिले होते. २०१३ साली त्या वारल्या. 'संदर्भग्रंथ कुठून आणशील' असे मी २०१८ साली विचारत होते!

अशोक रानडे यांचे 'लोकसंगीतशास्त्र' १९७५ चे. संगीताच्या कोटी पाडताना त्यांनी आदिम, लोक, भक्ती, कला यांच्या पंक्तीत 'जनसंगीता'लाही पाट मांडला होता. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलशांवरचे पुस्तक १९७८ चे आणि ते तर स्वतः जलसा उभा केलेल्या माणसाने लिहिलेले. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली आपल्याकडच्या कॅसेटवर ग्रंथ लिहिला: एका बड्या रेकॉर्ड कंपनीची मक्तेदारी स्वस्त कॅसेटने कशी मोडली आणि गावोगावच्या गाण्याला कसा आवाज मिळाला. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घराघरांत गेला तो याच वाटेने. विठ्ठलाच्या गाण्यांत आणि भीमगीतांत, दोन्हीकडे तोच आवाज. आमच्या घरी त्यांच्या विठ्ठलाच्या कॅसेट होत्या. त्या मुलाच्या घरी दुसऱ्या.

त्याच्याही मागे जायचे तर पोवाडे घ्या. आज ते अभ्यासक्रमात आहेत, मी शिकवते. पण ते रस्त्यावर गोंधळी गात होते तेव्हा त्यांना साहित्य म्हणणारे किती होते? मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली ते गोळा करून छापले, म्हणून आम्हां प्राध्यापकांची सोय झाली.

मी त्या मुलाला बोलावले. माफी मागायची होती, पण शिक्षकाला ती सरळ मागता येत नाही. मी म्हणाले, "वही गेली. गाणी कोणाला येतात?"

"आजीला. पण तिला सगळी नाही आठवत."

आजी तेव्हा ऐंशीच्या घरातल्या. माहेर सिन्नर तालुक्यातले, म्हणजे वामनदादा कर्डकांच्या मुलखातले, याचा त्यांना भलताच अभिमान. वामनदादांचे देशवंडी त्याच तालुक्यात. पहिल्या रविवारी त्यांनी मला नीट पाहून घेतले. "तुम्ही त्या व्हय, वही परत देणाऱ्या?" मी हो म्हणाले. "बसा. चा घ्या."

शब्द विचारले की त्यांना काही आठवत नसे. "कशावर होतं ते" असे विचारले की मात्र त्या गुणगुणू लागत, आणि सूर दुसऱ्या ओळीवर आला की शब्द मागून यायचे, कधी पूर्ण, कधी अर्धे. मुलगा मोबाइलवर ध्वनिमुद्रण करी, मी लिहून घेई. तेव्हा कळले की कोपऱ्यातले ते 'चाल अमुक' म्हणजे त्या वहीतली सर्वांत मोलाची नोंद होती. आजोबांनी गाण्यांखाली तारखा घातल्या नव्हत्या. चाल मात्र साल सांगते. एक गाणे 'नागिन'मधल्या पुंगीच्या सुरावर होते. 'नागिन' १९५४ चा. (ती पुंगी मुळात पुंगीच नव्हे, कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या वाद्यावर वाजवलेली.) म्हणजे गाणे १९५४ च्या आधीचे नाही. आणि त्यात दीक्षेचा उल्लेख नाही, बाबासाहेबांबद्दल सगळी क्रियापदे वर्तमानकाळी. तेव्हा १९५६ च्या नंतरचेही नसावे. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांचा काळ ठरवताना आम्ही वेगळे काय करतो?

एकदा आजी दीड कडव्यावर अडल्या आणि चिडल्या. "मेलं पाणी," म्हणाल्या, "वही नेली ती नेली, माझं डोकं पण नेलं." त्या दिवशी काही लिहून झाले नाही. आजवर त्रेचाळीस गाणी पूर्ण झाली आहेत आणि साठेक तुकडे. बाकीची मिळतील असे मला वाटत नाही. मुलाची नोंदणी झाली आहे. मार्गदर्शक दुसऱ्या कॉलेजातले, माझ्यापेक्षा शहाणे.

गेल्या श्रावणात आजींनी एक गाणे म्हटले. शब्द बुद्धविहाराच्या बांधकामाबद्दलचे. चाल कोणती म्हणून मुलाने विचारले, तर आजींना सांगता येईना. मला मात्र ओठांवर टाळांचा ठेका येऊ लागला. बाबांच्या मंडळाची ती गवळण. डोंबिवली ते ठाणे या टप्प्यातली. सिनेमातली नव्हे, मंडळातल्याच कोणी बांधलेली, असे बाबा सांगत.

"आजी, ही तर आमच्या भजनाच्या डब्यातली चाल!"

"मग असंल," आजी म्हणाल्या. "ह्ये इठ्ठलवाडीला चढायचे. तीच गाडी. शेजारच्या डब्यात बसायचे. मधल्या जाळीतून ऐकू यायचं."

"भजनाच्या डब्यात का नाही बसले?"

आजींनी पदर सारखा केला. "बसू नका असं कुणी म्हटलं नव्हतं. बसा असं बी कुणी म्हटलं नव्हतं." आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्यांनी यांच्याकडून घेतली का यांनी त्यांच्याकडून, ते मला इचारू नका. जाळीला दोन्हीकडून भोकं असतात."

बाबा जाऊन आता नऊ वर्षे झाली. त्या मंडळातले हयात असे दोनच जण मला ठाऊक आहेत. एक कर्जतला मुलाकडे असतात. दिवाळीनंतर मी आणि तो मुलगा त्यांना भेटायला जाणार आहोत. तोपर्यंत त्या गाण्याच्या वर, उजव्या कोपऱ्यात, मुलाने लिहून ठेवले आहे: "चाल गाडीतली."