लंडनची वेस आणि मालमोटारींचा हिशेब

इ. स. २००८ च्या ४ फेब्रुवारीस लंडनने १२ टनांवरील डिझेल मालमोटारींकरिता अल्प-उत्सर्जन क्षेत्राचा अंमल सुरू केला. पुढे १ मार्च २०२१ पासून साडेतीन टनांवरील मालमोटारींस ‘युरो ६’ ही मर्यादा लागू झाली, तेव्हा जुना ताफा बाळगणाऱ्या व्यवस्थापकाच्या दफ्तरात खर्चाचा एक नवाच रकाना उघडला. ‘युरो ६’ नसलेली, परंतु निदान ‘युरो ४’ असलेली गाडी दिवसाला १०० पौंड आकार भरते; तीही पात्रता नसल्यास ३०० पौंड. लहान व्हॅनचा आकार साडेबारा पौंड असून, २९ ऑगस्ट २०२३ पासून तो शहराच्या सर्व विभागांत लागू आहे. हा जाच अवास्तव आहे असे मला वाटत नाही, कारण दक्षिण लंडनमधील नऊ वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूच्या कारणांत दूषित हवेचा समावेश २०२० साली चौकशी अधिकाऱ्याने रीतसर नोंदविला आहे.

वेशीवर नाका नाही, पावती फाडणारा कारकून नाही. खांबावरील कॅमेरा गाडीची नंबरप्लेट तेवढी वाचतो. आकाराचा दिवस मात्र मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजला जात असल्याने, रात्री साडेअकराला आत शिरून पहाटे तीनला माल उतरवून परतणाऱ्या ‘युरो ५’ मालमोटारीच्या नावे दोन दिवसांचे २०० पौंड पडतात. तीच गाडी बाराच्या ठोक्यानंतर आत घेतली, तर १०० पौंडांत काम भागते.