समुद्रावरचे तेल आणि बाटलीतली परीक्षा

७ ऑगस्ट २०१०. रमजान चार-पाच दिवसांवर आला होता. मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले. तिवरांवर काळा थर बसला, मासळी घ्यायला लोक कचरू लागले. तटरक्षक दलाने तेलावर रसायन फवारले. अशा वेळी आमच्या कोकणातल्या दालदी घरांपासून मुंबईच्या बाजारापर्यंत एकच प्रश्न असतो: या औषधाने तेल खरेच जाते का?

सालनाच्या हंडीचा तेलकटपणा साबणाने सुटतो, तीच युक्ती इथे आहे. रसायनाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. तवंग फुटून बारीक थेंब होतात. ते पुरेसे बारीक असले तर वर येत नाहीत, पाण्यात पसरतात आणि जिवाणू त्यांना हळूहळू खातात. म्हणजे तेल जात नाही, खाली उतरते. किनारा आणि पक्षी वाचतात, पण भार माशांच्या अंड्या-पिलांवर पडतो. म्हणून औषध फवारण्याआधी त्याची परीक्षा हवी.

अमेरिकेत ती अशी होते. आतून खाचा पाडलेल्या काचेच्या चंबूत खारे पाणी, त्यावर थोडे तेल व रसायन. दहा मिनिटे हलवायचे, दहा मिनिटे स्थिर ठेवायचे, मग तळाकडचे पाणी काढून त्यात किती तेल उतरले ते मोजायचे. पूर्वी साधा चंबू वापरत. पण त्यात पाणी नीट घुसळले जात नसे आणि एकाच रसायनाचे आकडे प्रयोगशाळेगणिक बदलत. खाचांमुळे पाणी लाटेसारखे आपटते.

तरी चंबू म्हणजे समुद्र नव्हे. म्हणून न्यू जर्सीत ‘ओमसेट’ नावाचा २०३ मीटर लांबीचा हौद आहे. त्यात यंत्राने लाटा उठवून खरे तेल ओततात. जाड तेल, किंवा लाटांत घुसळून पाणी शोषलेला चॉकलेटी लगदा, औषधाला दाद देत नाही. उशीर झाला की फवारणी वाया जाते. भर समुद्रात तर होडीमागे मापक यंत्र ओढून फवारणीआधीचे आणि नंतरचे तेल ताडून पाहतात. आमच्या मते हाच आकडा सर्वांत बोलका.

आणि केवळ परिणामकारक असणे पुरेसे नाही, हे १९६७ मध्ये इंग्लंडने पाहिले. ‘टोरी कॅन्यन’ जहाज फुटल्यावर कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सुमारे १०,००० टन डिटर्जंट ओतले गेले. खडकांवरचे शंख-शिंपले तेलापेक्षा त्यानेच जास्त मेले. आजची रसायने त्यामानाने सौम्य आहेत, पण उथळ खाडीत, तिवरांच्या मुळाशी ती मारायची नसतात. तिथे थेंब पसरायला पाणीच पुरत नाही.