स्टेपनी : पाचव्या चाकाचा हिशेब

परभाषेतून मराठीत आलेले शब्द पुष्कळ आहेत. पण दूरदेशीच्या एका गावातल्या रस्त्याचे नाव थेट आपल्या गाडीच्या डिकीत येऊन बसावे, असे क्वचितच घडते. ‘स्टेपनी’ हा असा शब्द आहे. वेल्समधल्या लॅनेली या गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. थॉमस मॉरिस डेव्हिस याने 1904च्या सुमारास तिथे मोटारीसाठी जादा चाक तयार केले आणि ‘स्टेपनी स्पेअर व्हील’ या नावाने ते विकायला आणले. कंपनी कधीच काळाआड गेली. ब्रिटनमध्येही आता त्या चाकाला कोणी स्टेपनी म्हणत नाही. पण भारतात, बांगलादेशात आणि माल्टात तो शब्द टिकला, आणि ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये त्याचे ‘एस्तेपी’ झाले. आपल्याकडे तर ट्रकच्या क्लीनरपासून कारखानदारापर्यंत साऱ्यांच्या तोंडी हाच शब्द आहे.

हा शब्द ज्या वस्तूला चिकटला, ती वस्तू मात्र आता मोटारीतून हळूहळू नाहीशी होत आहे. नवी मोटार घेऊन घरी आल्यावर डिकीचा गालिचा उचलावा, तर खाली चाकाऐवजी एक छोटा पंप आणि एक बाटली निघते. किंवा काहीच निघत नाही, कारण टायरच म्हणे हवेविना चालणारे आहेत. हा बदल चांगला की वाईट, यावर गाडीवाल्यांत हिरिरीने वाद होतात. त्या वादात एक गोष्ट बहुधा सुटते. पंक्चरवरचा प्रत्येक उपाय एका विशिष्ट रस्त्यासाठी जन्मलेला असतो, आणि रस्ता बदलला की उपायाचा हिशेबही बदलतो.

हवेवर चालणारी गाडी

मोटारीचे वजन रबर पेलते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते पेलते टायरमधली दाबलेली हवा. 1200 किलोची मोटार घेतली, तर प्रत्येक चाकावर सुमारे 300 किलो येतात. टायरमध्ये 32 पीएसआय हवा असेल, तर एका चौरस सेंटिमीटरवर साधारण सव्वादोन किलोचा आधार मिळतो. म्हणजे 300 किलो पेलायला सुमारे 133 चौरस सेंटिमीटर जागा लागते. ती आपल्या हाताच्या पंज्याएवढी भरते. चार पंज्यांएवढ्या जागेवर ताशी शंभर किलोमीटरने कुटुंबच्या कुटुंब धावत असते.

हवा गेली की हा आधार जातो. टायरची बाजूची भिंत लवचीक असते, वजन पेलण्यासाठी ती केलेलीच नसते. रिमखाली ती चेपते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दुमडते, उलगडते. रबर असे वारंवार दुमडले की तापते. थोडे अंतर तसेच रेटले, तर आतले धागे रबरापासून सुटतात आणि साध्या खिळ्याने झालेले चार आण्यांचे नुकसान पूर्ण टायरवर जाते. हवा कमी असताना भर उन्हात वेगाने गाडी पळवली की टायर फुटतो, त्यामागेही हेच तापणे असते.

या हवेचा इतिहासही पंक्चरचाच इतिहास आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाने 1845 मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले, पण ते विस्मरणात गेले. पुढे बेलफास्टमधला पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच कल्पना नव्याने शोधली आणि 1888 मध्ये पेटंट मिळवले. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचे रद्द झाले, तरी सायकलीला हवेची चटक लागली ती लागलीच. मात्र तो टायर रिमला चिकटवलेला असे. तो सोडवायला काही तास लागत, आणि पुन्हा चिकटवल्यावर सुकायला रात्र जाई.

फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंनी 1891 मध्ये सोडवता येणारा टायर काढला, तो याच त्रासातून. दुसऱ्या वर्षी त्यांनी पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ अशी सायकल शर्यत भरवली आणि वाटेत मुद्दाम खिळे टाकले, अशी गोष्ट सांगतात. पंक्चर होत नाही, असा त्यांचा दावा नव्हताच. ते चटकन काढता येते, एवढेच त्यांना दाखवायचे होते. 1895च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत हे बंधू हवेच्या टायरवरची मोटार घेऊन उतरले आणि सगळी वाट पंक्चर काढत पार पडले.

तीन उपाय, तीन रस्ते

डेव्हिसच्या स्टेपनीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. त्या काळी मोटारीचे चाक आजच्यासारखे चार-पाच नट सोडून निघत नसे. चिखलात बसून टायर रिमवरून उपसायचा, ट्यूब काढायची, ठिगळ लावायचे आणि हातपंपाने हवा भरायची, हा तासाभराचा उद्योग असे. स्टेपनी म्हणजे आरे नसलेली एक रिम होती आणि तिच्यावर आधीच हवा भरलेला टायर. बसलेले चाक न काढता ती त्याच्याच शेजारी पकडींनी आवळायची आणि निघायचे. पुढे सुटे होणारे चाक आले आणि शेजारी आवळायचे चाक बदली चाक झाले. नाव तेवढे तेच राहिले. हा उपाय निर्जन रस्त्याचा होता. वाटेत कोणी भेटणार नाही, हे धरून तो निघाला होता.

दुसरा उपाय म्हणजे रनफ्लॅट टायर. त्याची बाजूची भिंत जाड आणि ताठ रबराची असते, त्यामुळे हवा गेली तरी काही काळ ती भिंतच वजन पेलते. काही काळच, कारण तापण्याचा नियम तिलाही चुकत नाही. म्हणूनच साधारण ताशी 80 किलोमीटर वेग आणि 80 किलोमीटर अंतर अशी मर्यादा सांगितलेली असते. हवा गेल्याचे चालकाला हातात जाणवत नाही, म्हणून अशा गाडीत टायरमधला दाब सांगणारी यंत्रणा असावीच लागते. डनलॉपने 1970च्या दशकात ‘डेनोव्हो’ नावाचा असा टायर आणला होता. मिशेलिनने पुढे ‘पॅक्स’ या पद्धतीत टायरच्या आत आधाराचे कडे बसवले. दोन्हींना खास रिम लागे आणि दुरुस्ती कुठल्याही दुकानात होत नसे. दोन्ही मागे पडले, यात नवल नाही. ताठ भिंतीचा प्रकार तेवढा टिकला, आणि बीएमडब्ल्यूसारख्या जर्मन मोटारींतून तो आपल्याकडेही पोहोचला.

हा उपाय जलदगती महामार्गाचा आहे. शेजारून ट्रक सुसाटत असताना कडेला वाकून नट सोडणे हा जिवाशी खेळ असतो. तिथे न थांबता पुढच्या सुरक्षित जागी पोहोचणे, एवढेच हा टायर साधून देतो. गाडीत एकटी असलेली स्त्री, सत्तरीतले जोडपे, पाठदुखीने हैराण झालेला माणूस यांच्यासाठी हे साधणे फार मोठे आहे. स्टेपनीचे गोडवे गाणाऱ्यांनी घट्ट बसलेला नट पान्याला दाद देत नाही तेव्हाची रात्र आठवून पाहावी.

तिसरा उपाय बाटलीतला. रबराच्या चिकासारखे द्रव्य वॉल्व्हमधून टायरमध्ये सोडायचे आणि गाडीच्या बॅटरीवरच्या पंपाने हवा भरायची. चाक फिरू लागले की ते द्रव्य छिद्रात जाऊन घट्ट होते. जमिनीला टेकणाऱ्या भागात चार-सहा मिलिमीटरपर्यंतचे भोक असेल, तर काम चालते. त्यानंतर बेताच्या वेगाने दुकान गाठायचे, आणि आत काय सोडले आहे ते टायरवाल्याला सांगायचे. बाटलीवर मुदतीची तारीखही असते, आणि ती आपल्यापैकी फारसे कोणी वाचत नाही. हा उपाय शहराचा आहे. पाच-दहा किलोमीटरवर दुकान सापडेल, या भरवशावर तो उभा आहे.

ट्यूबलेस टायर नसता, तर हे बाटलीतले औषध चाललेच नसते. ट्यूबमध्ये खिळा घुसला की हवा झटकन जाते. ट्यूबलेसमध्ये खिळा स्वतःच भोकाला बूच बनून बसतो आणि हवा हळूहळू झिरपते. म्हणून दिसलेला खिळा जागच्या जागी उपसू नये. हवा भरून तसेच दुकानापर्यंत जावे.

चाक का गेले?

भारतात मोटारीसोबत जादा चाक देणे नियमाने बांधलेले होते. जुलै 2020 मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी वाहनात ट्यूबलेस टायर, दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल, तर स्टेपनीची सक्ती उरली नाही. जागा वाचावी आणि विजेच्या गाडीत बॅटरीला ठिकाण मिळावे, हे कारण त्यामागे होते.

कारण खोटे नाही. चाक, जॅक आणि पाना मिळून पंधरा-वीस किलो होतात. त्यांचा उपयोग वर्षानुवर्षे होत नाही, आणि ते वजन मात्र रोज वाहायचे. सीएनजीच्या गाड्यांत तर नळकांड्याने डिकी आधीच बळकावलेली असते. शिवाय न वापरलेले रबरही जुने होतेच. कुठल्याही टायरच्या भिंतीवर चार अंकी आकडा असतो: 2321 म्हणजे 2021 सालचा 23वा आठवडा. अनेकांच्या स्टेपनीवरचा तो आकडा आणि तिच्यातली हवा तपासली, तर संकटकाळचा हा सोबती आधीच निकामी झालेला आढळेल.

तरीही हिशेब इथे पुरा होत नाही. एक चाक कमी दिल्याने कारखान्याचा खर्च वाचतो. चाक नसल्याने होणारा खोळंबा ग्राहकाच्या पदरी पडतो. बचत एकाची आणि जोखीम दुसऱ्याची, असा हा व्यवहार आहे.

आपला रस्ता

आपल्याकडे खिळ्याइतकाच खड्डाही टायरचा वैरी आहे. पावसाळ्यात पाण्याखाली लपलेल्या खड्ड्याची धारदार कड लागते, टायर रिम आणि कड यांच्यात चिमटतो आणि बाजूच्या भिंतीला कट पडतो. तिथे बाटलीतले द्रव्य काही करू शकत नाही. रनफ्लॅटची भिंतच फाटली, तर तिचा आधारही गेला. त्यात ताठ भिंतीमुळे हा टायर खड्ड्याचा दणका थेट रिमपर्यंत पोहोचवतो. हवेविना चालवलेला रनफ्लॅट दुरुस्त न करता बदलावा, असा सल्ला अनेक उत्पादक देतात, आणि त्या मापाचा टायर तालुक्याच्या गावी तयार मिळेल याची खात्री नसते. फाटलेल्या भिंतीवर जागच्या जागी चालणारा उपाय एकच: दुसरे चाक.

या तिन्ही उपायांच्या आधीपासून आपल्याकडे एक चौथी व्यवस्था आहे, आणि तिची नोंद कुठल्याच माहितीपत्रकात नसते. झाडाला टांगलेला जुना टायर, त्यावर पांढऱ्या रंगात ‘पंक्चर’, शेजारी धडधडणारा कॉम्प्रेसर आणि पाण्याची घमेली. आत बहुधा परमुलखातून आलेला, दुकानातच झोपणारा कारागीर. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुड्यावरून भोक हेरणे, कानशीने जागा खरवडणे, सोल्यूशन लावून ते सुकेपर्यंत न बोलता थांबणे, ही सगळी त्याची विद्या. मराठीत आपण पंक्चर ‘दुरुस्त’ करत नाही, पंक्चर ‘काढतो’. काटा काढावा तसे. मोटारीत काय असावे हे ठरवताना हा माणूस आपण न बोलता गृहीत धरत आलो. बाटली पुरते, कारण पुढच्या वळणावर तो आहे.

नव्या महामार्गांवर नेमका तोच नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर किंवा 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर दुतर्फा कुंपण असते. कडेला टपरी टाकता येत नाही, आणि वेगासाठी ते आवश्यकही आहे. म्हणजे समृद्धीसारख्या ज्या रस्त्यावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे, तिथे चौथी व्यवस्था गेली. आणि नेमक्या त्याच काळात डिकीतून पहिलीही जात आहे. उरते ती बाटली आणि मदतीचा दूरध्वनी क्रमांक. अशा मार्गावर टोल घेणाऱ्या यंत्रणेने दर ठराविक अंतरावर टायरची सोय ठेवणे ही मेहेरबानी ठरत नाही. पूर्वी गाडीवाला जी तयारी स्वतः वाहून नेत असे, तिची जागा आता रस्त्याने भरून काढायला हवी.

तोवर ग्राहकाने आपला हिशेब आपणच करावा. गाडी शहरातच फिरणार असेल, तर बाटली आणि पंप पुरेसे आहेत; मुदतीची तारीख तेवढी दरवर्षी पाहावी. रनफ्लॅट असतील, तर आपल्या मापाचा टायर आपल्या वाटेवर कुठल्या गावी मिळतो, हे निघण्याआधी विचारून ठेवावे. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या गावी वर्षातून चार खेपा होत असतील, तर गाडी घेतानाच जादा चाक मागावे, मिळत नसेल तर विकत घ्यावे. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. आणि जुन्या गाडीत स्टेपनी असेल, तर या दसऱ्याला गाडीला हार घालाल तेव्हा डिकीतला गालिचा उचलून तिच्यातही हवा भरून घ्या. पूजा चार चाकांची होते. पाचव्याची आठवण आपल्याला ते लागेल तेव्हाच होते.