वाघ समोर आणि हात थरथर!

ताडोबाचं बुकिंग झालंय, मोठी लेन्सही हाताशी आहे. पण ती टेकवायची कशावर? ट्रायपॉडवर पगार उडवण्याआधी हे वाचाच.

बॉसकडून रजा मिळवणं, सफारीचं परमिट मिळवणं आणि चारशे मिलिमीटरची लेन्स वीकेंडपुरती भाड्याने मिळवणं ही तिन्ही अवघड कामं पार पाडली की आपल्याला वाटतं, आता फक्त वाघाने यायचं बाकी आहे. तेवढ्यात ऑफिसमधला कुणीतरी जाणकार विचारतो, 'ट्रायपॉड घेतलास ना?' झालं! लंच टाइममध्ये कार्बन फायबर, बॉल हेड, लोड कपॅसिटी असं सर्च सुरू होतं आणि क्रेडिट कार्ड खिशातून बाहेर येतं.

जरा थांबा. सपोर्ट कोणता घ्यायचा हे तुमचा कॅमेरा कमी आणि तुम्ही बसणार ती गाडी जास्त ठरवते. ताडोबा, पेंच, कान्हा कुठेही जा, खाली उतरायला परवानगी नाही. म्हणजे जे काही उभारायचं ते उघड्या जिप्सीतच. मारुतीने जिप्सी बनवणं 2019 मध्ये थांबवलं, तरी जंगलात सफारीच्या गाडीचं नाव आजही जिप्सीच आहे. मागे सहा पर्यटक, त्यांच्या बॅगा, बाटल्या आणि जॅकेट्स. यात ट्रायपॉडचे तीन पाय कुठे पसरणार? पसरलेच, तर शेजारचा जरा हलला की तुमचा वाघही हलला!

हात का हलतो?

फोटोग्राफीतला जुना नियम साधा आहे. लेन्स जितकी लांब, शटर तितकं फास्ट. 400 मिलिमीटरला किमान सेकंदाचा चारशेवा भाग. तुमचा कॅमेरा छोट्या, म्हणजे एपीएस-सी सेन्सरचा असेल तर दीडपट धरा, म्हणजे 1/600. दुपारच्या उन्हात हे सहज जमतं. पण वाघ दिसायची शक्यता जास्त ती पहाटे आणि संध्याकाळी, तेही बांबूच्या सावलीत. तिथे लाइट इतका कमी असतो की आयएसओ वाढवूनही शटर 1/100 किंवा 1/200 वर येतं.

त्यात लेन्सचं वजन. आजच्या 150-600 किंवा 200-600 झूम लेन्सेस साधारण दोन किलोंच्या असतात. कॅमेरा वेगळा. कोल्ड्रिंकची दोन लिटरची भरलेली बाटली डोळ्यांसमोर धरून पाच मिनिटं उभे राहा, म्हणजे अंदाज येईल.

'पण माझ्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे ना!' आहे, आणि ते कामही चोख करतं. पण ते तुमच्या हाताची थरथर सावरतं, वाघाचं चालणं नाही. बसलेला वाघ 1/100 ला शार्प येऊ शकतो. पळणाऱ्या चितळाला मात्र 1/1000 च्या आसपास शटर लागतंच, सपोर्ट कितीही भारी असो.

हीरो नंबर वन: बीनबॅग

ड्रॉइंगरूममध्ये लोळायची नव्हे हं! ही उशीएवढी जाड कापडाची पिशवी. आत धान्य भरायचं, गाडीच्या कडेवर किंवा समोरच्या दांडीवर ठेवायची आणि तिच्यावर लेन्स टेकवायची. बस्स. केनियात मसाई मारातल्या उघड्या छपराच्या गाड्यांवरही फोटोग्राफर हाच उपाय करतात.

ती काम का करते? धान्याचे दाणे लेन्सच्या आकाराप्रमाणे सरकतात आणि लेन्सला खालून, बाजूने कवेत घेतात. वजन एका बिंदूवर न पडता पसरतं आणि गाडीची बारीक कंपनंही बरीचशी दाण्यांमध्येच जिरतात. शिवाय वाघ डावीकडून उजवीकडे गेला, तर कुठलाही स्क्रू सैल न करता लेन्स उचलून वळवता येते.

आकार निवडताना जिप्सीची गोल दांडी डोळ्यांसमोर आणा. एकसंध पिशवी तिच्यावरून घरंगळते. त्यापेक्षा मध्ये पट्टी आणि दोन्ही बाजूंना दोन कप्पे, अशी घोड्याच्या खोगिरासारखी घ्या. विकत मिळतेच, पण जुन्या जीन्सचे दोन तुकडे घेऊन कोपऱ्यावरच्या टेलरकडे गेलात तर तोही शिवून देईल. शिलाई मात्र डबल हवी, जंगलात दाणे सांडायला नकोत.

आत काय भरायचं? तांदूळ किंवा हरभरे उत्तम. थर्माकोलचे मणी हलके असतात, पण दोन किलोंच्या लेन्सखाली दबून डुगडुगतात. वाळू तर नकोच. एक कण लेन्सच्या रिंगमध्ये गेला की करकर सुरू. पिशवी पाऊणच भरा. गच्च भरली तर फुटबॉल होतो आणि लेन्स वरून निसटते. विमानाने नागपूरला उतरणार असाल तर पिशवी रिकामीच न्या, म्हणजे सामानाचं वजन वाचेल. दोन-तीन किलो तांदूळ वाटेत घ्या. चंद्रपूर हा भाताचाच जिल्हा आहे. आत वेगळी स्वच्छ पिशवी वापरलीत, तर सफारीनंतर त्याच तांदळाची खिचडीही होईल!

टेकवायचीही पद्धत आहे. लेन्सचा खालचा पाय फिरवून वर किंवा बाजूला करा आणि नळीचा भाग पिशवीत बसवा. झूम आणि फोकसच्या रिंगा मोकळ्या राहतील हे बघा. डावा हात लेन्सवर हलका दाबून ठेवा, श्वास सोडा आणि बटण दाबा, टोचू नका.

एका पायाचा दोस्त: मोनोपॉड

बीनबॅग ठेवायला कड मिळत नसेल, म्हणजे मधली सीट वाट्याला आली असेल, तर मोनोपॉड. तो दोन गुडघ्यांच्या मध्ये सीटवर किंवा खाली टेकतो, जागा खात नाही आणि लेन्सचं वजन हातावरून उतरवतो. त्याला बॉल हेडपेक्षा फक्त पुढे-मागे झुकणारं टिल्ट हेड लावा. बॉल सैल केला की जड लेन्स धप्पकन कलंडते. एक लक्षात ठेवा, इंजिन चालू असेल तर कंपनं पायातून थेट कॅमेऱ्यात चढतात. ड्रायव्हरदादांना आधीच विनंती करून ठेवा, प्राणी दिसला की गाडी बंद.

मग ट्रायपॉड कधी?

ट्रायपॉड वाईट नाही, त्याची जागा वेगळी आहे. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्याजवळच्या मचाणावर रात्र काढायची असेल किंवा भिगवणला उजनीच्या काठावर पक्ष्यांची वाट बघायची असेल, तर त्याच्यासारखा साथी नाही. पण त्याच भिगवणला होडीत बसलात की तो बाजूला ठेवा. होडी डोलते, तोही डोलतो.

मोठ्या लेन्ससाठी ट्रायपॉडवर जिंबल हेड लावतात. यात लेन्स तोलून बसवली की बोटाच्या धक्क्याने फिरते आणि सोडली तिथे थांबते. 600 एफ/4 सारख्या लेन्सला ते शोभतं. भाड्याच्या छोट्या झूमला जिंबल म्हणजे नाकापेक्षा मोती जड!

सीनियर मंडळी तरीही ट्रायपॉडचा आग्रह धरतात, त्यालाही कारण आहे. कॅननची 1999 ची 600 एफ/4 लेन्स सव्वापाच किलोंहून जड होती. 2018 च्या मॉडेलचं वजन तीन किलोंच्या आसपास आलं. शिवाय आजचे कॅमेरे हाय आयएसओला कितीतरी स्वच्छ फोटो देतात. लेन्स हलकी झाली, सल्ला मात्र जुन्याच वजनाचा राहिला.

सपोर्टचा आणखी एक फायदा दुकानदार सांगत नाही. कॅमेरा आधीच टेकलेला असला की वाघ दिसल्यावर धडपड होत नाही. कुणी उभं राहत नाही, 'गाडी अजून पुढे घ्या' म्हणून कुणी ओरडत नाही. जनावर बिचकत नाही आणि जास्त वेळ समोर राहतं. शेजारच्या सीटवरच्या, कॅमेरा न आणलेल्या माणसालाही त्याचा वाघ शांतपणे बघता येतो. त्यानेही तेवढेच पैसे भरलेत!

निघण्याआधी पंचनामा

• पहिली सफारी: फक्त बीनबॅग. उरलेले पैसे आणखी एका सफारीवर खर्च करा.
• वर्षातून दोन-तीनदा जाणार: सोबत मोनोपॉड आणि टिल्ट हेड.
• मचाण, पाणवठे, पक्षी: ट्रायपॉड. लोड कपॅसिटी तुमच्या कॅमेरा-लेन्सच्या वजनाच्या दुप्पट तरी हवी. मधला दांडा शक्यतो वर काढू नका.
• ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन चालू ठेवायचं की बंद, हे लेन्सप्रमाणे बदलतं. मॅन्युअल उघडून बघा.
• ताडोबाचा कोअर मंगळवारी बंद असतो. रजेचा अर्ज टाकण्याआधी कॅलेंडर पाहा.
• आदल्या रविवारी गॅलरीच्या कठड्यावर बीनबॅग ठेवून समोरच्या झाडावरच्या कावळ्याचे शंभर फोटो काढा. कावळा शार्प आला, तर वाघही येईल!