जोखीम कोणाच्या हाती सोपवावी?

सुट्टीतील साहस शिबिरे आणि पालकांची चौकशी

व्यापारी पेठेत सोने-नाणे, रोकड अथवा अन्य मौल्यवान ऐवजाला ‘जोखीम’ म्हणण्याची जुनी रीत आहे. अंगावर जोखीम असली की प्रवासात माणूस डोळा लागू देत नाही. ती दुसऱ्याच्या हाती सोपवायची झाल्यास त्याच्या घराण्यापासून व्यवहारापर्यंत सारी माहिती काढतो. नव्या गिऱ्हाइकाला पन्नास हजारांचा माल उधार देण्यापूर्वी चार ठिकाणी विचारपूस होते, जीएसटी क्रमांक पडताळला जातो, जुना कोणी ओळखीचा जामीन आहे का हे पाहिले जाते. मात्र हाच चोखंदळ व्यापारी आपले बारा वर्षांचे मूल पाच दिवसांच्या साहस शिबिराला पाठवतो तेव्हा मोबाइलवर आलेले एक रंगीत पत्रक पाहतो, शुल्क भरतो आणि संमतिपत्रावर न वाचताच सही करतो.

यामागे बेफिकिरी नसते. वेळेचा अभाव असतो. वसुबारसेपासून पाडव्यापर्यंत दुकानात उभे राहायला जागा नसते. वर्षाच्या उलाढालीचा मोठा भाग याच दिवसांत होतो आणि नेमक्या याच दिवसांत शाळा बंद असतात. उन्हाळ्यात लग्नसराईमुळे तीच गत होते. घरात कंटाळलेली मुले, दुकानात अडकलेले आईवडील आणि समोर आलेले शिबिराचे निमंत्रण, असा हा योग जुळून येतो.

आजोळ ते शिबिर

मागच्या पिढीची सुट्टी आजोळी जात असे. साहस तेव्हाही होतेच. पाठीला वाळलेल्या भोपळ्याचा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून मुले विहिरीत पोहायला शिकली, झाडावर चढली, पडली, हातपाय मोडूनही घेतले. परंतु विहिरीच्या काठावर मामा उभा असे. कोणत्या मुलाला दम लागतो, कोणाला रात्री अंधाराची भीती वाटते, हे त्या माणसांना सांगावे लागत नसे. आता मामा वेगळ्या शहरात व्यवसायात गुंतलेला आहे आणि काठावर उभा असणारा माणूस अनोळखी आहे. साहस बदललेले नाही, राखणदार बदलला आहे. म्हणूनच चौकशीची गरज वाढली आहे.

मुलांना घरातच ठेवणे हा यावरील उपाय नव्हे. तंबू उभारणे, स्वतःचे ताट धुणे, दमलेल्या सोबत्याची पिशवी उचलणे, दोरावर असताना भीती आवरणे या गोष्टी बंद खोलीतील पडद्यासमोर शिकता येत नाहीत. उद्या व्यवसाय सांभाळणाऱ्या मुलाला धोका ओळखण्याची आणि तो मोजून पत्करण्याची सवय हवीच. धोका मोजणारे कोणीतरी सोबत असावे, एवढाच प्रश्न आहे.

पहिली चौकशी : नोंदणी आणि प्रशिक्षक

महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही प्रकारांतील साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसे नेमावीत, योग्य साधने वापरावीत, अशी त्यामागची भूमिका आहे. तेव्हा आयोजकाला विचारायचा पहिला प्रश्न साधा आहे : आपली नोंदणी आहे का आणि असल्यास प्रमाणपत्राची प्रत मिळेल का? प्रामाणिक आयोजकाला या प्रश्नाचा राग येत नाही. ज्याला राग येतो त्याच्याशी व्यवहार तेथेच थांबवावा. पेठेचा नियम येथेही लागू पडतो.

दुसरा प्रश्न प्रशिक्षकांचा. उत्तरकाशी येथील नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून आणि दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था १९५४ पासून गिर्यारोहणाचे पद्धतशीर शिक्षण देत आहे. तेथील प्राथमिक अभ्यासक्रमच सुमारे चार आठवड्यांचा असतो. दोरकामाचे उपक्रम असलेल्या शिबिरात असे शिक्षण घेतलेली माणसे किती आणि ती प्रत्यक्ष मुलांबरोबर असतात की केवळ पत्रकावर, हे विचारावे. किती मुलांमागे एक प्रशिक्षक, प्रथमोपचार कोणाला येतो, रात्रभर वाहन उपलब्ध असते का, जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे, या प्रश्नांची उत्तरे तोंडी न घेता लेखी घ्यावीत. गेल्या वर्षी जाऊन आलेल्या दोन कुटुंबांशी बोलल्यास पत्रकात नसलेले पुष्कळ काही कळते.

संमतिपत्र आणि विमा

‘काही बरेवाईट झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत’ हे वाक्य बहुतेक संमतिपत्रांत असते. ते वाचून दोन प्रकारचे पालक आढळतात. एक, सही करून आपला हक्क गेला असे मानणारे. दुसरे, हा केवळ उपचार आहे असे समजून वाचण्याचे टाळणारे. दोघेही चुकतात. पालकाने सही केली म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप पुसली जात नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा आहे आणि तो कोणत्याही खासगी कागदाने माफ होत नाही. तरीही कागद वाचायलाच हवा. कारण कोणते उपक्रम होणार, मूल कोणाच्या ताब्यात राहणार, उपचाराचा निर्णय कोण घेणार हे त्याच कागदात लिहिलेले असते. पत्रकात केवळ गडभ्रमंती आणि संमतिपत्रात मात्र राफ्टिंगही, असा फरक आढळल्यास खुलासा मागावा.

विम्याच्या बाबतीत गैरसमज अधिक आहेत. कुटुंबाच्या आरोग्य विम्यात साहसी खेळांसंबंधीचे प्रचलित कलम व्यावसायिक खेळाडू म्हणून भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च वगळते. हौसेने भाग घेणाऱ्या मुलाला ते सहसा आड येत नाही. वैयक्तिक अपघात विमा आणि प्रवास विमा यांत मात्र साहसी खेळ सरसकट वगळलेले असू शकतात. ‘आमच्याकडे विमा आहे’ असे आयोजकाने सांगितल्यास तो कोणाचा, किती रकमेचा आणि कोणत्या उपक्रमांसाठी, हे पॉलिसीवरूनच पाहावे.

दिवाळीतील गड

पावसाळा सरताच सह्याद्री हिरवागार असतो, आकाश स्वच्छ असते आणि लोहगड, राजमाची, कळसूबाई यांच्या वाटा मुलांच्या आवाजाने भरून जातात. या दिवसांचे धोके उन्हाळ्याहून वेगळे आहेत. मे महिन्यात पुण्या-मुंबईकडे सात वाजेपर्यंत उजेड असतो. नोव्हेंबरच्या मध्यास सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. वेळापत्रकात हा एक तास विसरला गेला की मुले अंधारात गड उतरू लागतात. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर लोखंडी शिड्या आहेत. हरिहरच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत. अशा जागी दमलेले पाय, अंधार आणि गर्दी एकत्र येता कामा नयेत. कड्याच्या सावलीतील दगडांवर शेवाळ उरलेले असते, तर दुपारचे ऑक्टोबरचे ऊन पाण्याची बाटली लवकर रिकामी करते.

कड्यांवर लटकलेली आग्या मोहोळे हा दुर्लक्षित धोका आहे. धूर, उग्र सुगंधी द्रव्ये, गोंगाट आणि दगड भिरकावणे यांनी माश्या चवताळतात. गडावर अत्तर लावून न जाणे, शेकोटी न पेटवणे आणि मोहोळाखालून शांतपणे जाणे हे मुलांना घरीच सांगितलेले बरे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार विषारी सापांवरील लस शासकीय रुग्णालयांत मिळते; म्हणून चिरा देणे, करकचून बांधणे यांत वेळ न घालवता दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशावर महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि अनेकांचे प्राण वाचले. औषध आहे, ते वेळेत पोहोचणे महत्त्वाचे. रात्री तंबूबाहेर जाताना विजेरी आणि सकाळी बूट झटकून घालणे, एवढ्या दोन सवयींनी बरेच काही टळते.

पाण्याला ओळख नसते

लक्ष्मीपूजन अमावास्येला असते, हे व्यापारी घराला सांगावे लागत नाही. परंतु त्याच अमावास्येनंतर एक-दोन दिवसांत समुद्राला उधाण येते, ही गोष्ट भाऊबीज आटोपून कोकणात निघालेल्या कुटुंबांच्या लक्षात येत नाही. उधाणाच्या दिवसांत भरती अधिक चढते आणि ओहोटीही अधिक ओढते. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. त्यामुळे काल सकाळी दहाला सुरक्षित वाटलेला किनारा आज त्या वेळी तसाच असेल असे नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेल्या डझनाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा बुडून अंत झाला. ती मुले लहान नव्हती. स्थानिक कोळ्याला किंवा जीवरक्षकाला भरती-ओहोटीची वेळ विचारल्याखेरीज पाण्यात पाऊल टाकू नये. खोल ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे थेट न झगडता किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडावे, हे पोहता येणाऱ्या मुलालाही शिकवावे लागते.

नदीचे गणित आणखी फसवे आहे. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात सहलीला गेलेले हैदराबादचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी बियास नदीच्या उथळ पात्रात छायाचित्रे काढत उभे होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडले गेले आणि काही क्षणांत २४ विद्यार्थी वाहून गेले. आकाशात ढग असण्याची गरजच नव्हती. आपल्याकडे कोलाडची कुंडलिका राफ्टिंगसाठी प्रसिद्ध आहे. तिचे पाणीही जलविद्युत प्रकल्पातून सुटते आणि त्याच वेळेनुसार तेथील राफ्टिंग चालते. धरणाच्या खालच्या बाजूस असलेल्या कोणत्याही नदीत, ती कितीही शांत दिसली तरी, पाणी सोडण्याची वेळ विचारल्याविना उतरू नये.

जीवरक्षक जाकीट मुलाच्या मापाचेच हवे. मोठ्या माणसाचे जाकीट मुलाला घातले तर पाण्यात ते वर सरकते आणि मूल खाली जाते. सर्व पट्टे लावून खांद्याजवळ धरून वर ओढून पाहावे. जाकीट कानापर्यंत आले तर ते निरुपयोगी समजावे.

उन्हाळ्यातील हिमालय

मे महिन्यात महाराष्ट्रातील अनेक मुले मनाली, कसोलच्या बाजूस पदभ्रमणाला जातात. मनाली सुमारे २००० मीटरवर आहे. तेथून पुढील खिंडी ४००० मीटरच्या वर जातात. साधारण २५०० मीटरनंतर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही लक्षणे मुले लपवतात, कारण त्यांना मागे राहायचे नसते. लक्षणे वाढली तर खाली उतरणे हाच खरा उपाय आहे. चढाईपूर्वी शरीराला उंचीची सवय करून घेण्यासाठी दिवस ठेवला आहे का, हे कार्यक्रमपत्रिकेत शोधावे. तो एक दिवस कापणारे शिबिर स्वस्त पडत नाही.

ताट, औषध आणि निरोप

आहाराचा प्रश्नही सुरक्षिततेचाच आहे. कंदमुळे न खाणारे, चौविहार पाळणारे मूल लाजेपोटी काहीच बोलत नाही आणि दिवसभर चढाई करून रात्री उपाशी झोपते. हिवाळ्याच्या तोंडावर सूर्यास्तापूर्वी जेवण मिळायचे तर ते साडेपाचलाच तयार हवे. हे आधी लेखी कळवले तर बहुतेक आयोजक व्यवस्था करतात. करणे शक्य नसेल तर तसे आधीच कळते. सोबत खाकरा, चणे, सुकामेवा, ओआरएसची पुडी असावी. मुलाला दमा, फिट किंवा कशाची ॲलर्जी असल्यास ती माहिती दडवू नये. प्रवेश नाकारला जाईल ही भीती जिवापेक्षा मोठी नाही.

शेवटची तयारी संवादाची आहे. मुलींच्या निवासाची स्वतंत्र व्यवस्था आणि स्त्री पर्यवेक्षक आहेत का, हे विचारण्यात संकोच नको. कोणाचा स्पर्श वा वागणे खटकल्यास लगेच सांगायचे, त्यासाठी कोणी रागावणार नाही, हे मुलगा-मुलगी दोघांनाही स्पष्ट शब्दांत सांगावे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशा घटनेची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘संस्थेचे नाव खराब होईल’ हे कारण चालत नाही. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक, तसेच आईवडिलांपैकी एकाचा क्रमांक मुलाला तोंडपाठ असावा, कारण मोबाइल हरवतो.

आणि एक वाक्य प्रत्येक मुलाला निघण्यापूर्वी ऐकू यावे : भीती वाटली तर ‘मी हे करणार नाही’ असे म्हणण्याची तुला पूर्ण मोकळीक आहे. सोबत्यांच्या हसण्याला घाबरून दोरावर चढलेले मूल सर्वांत असुरक्षित असते. घरात मुलाच्या ‘नाही’ला किंमत असेल, तरच ते डोंगरावर ‘नाही’ म्हणू शकते.

या साऱ्या चौकशीला फार तर अर्धा तास लागतो. गिऱ्हाइकांच्या गर्दीतून तेवढा वेळ काढणे कठीण वाटले, तर एवढेच आठवावे की उधारीवर गेलेला माल बुडाला तर पुढच्या हंगामात भरून निघतो. ही जोखीम तशी नाही. ती योग्य हाती सोपवली, तर सुट्टी संपल्यावर दारात उन्हाने रापलेले, गुडघ्यावर खरचटलेले आणि सांगण्यासारखे पुष्कळ काही असलेले मूल परत येते. त्या संध्याकाळी दुकान थोडे लवकर वाढवून त्याचे सारे ऐकायला आईवडिलांनी घरी असावे.