भाड्याच्या खोलीतलं स्वयंपाकघर – लेखांक 9 : फेस दुधाचाच हवा

एक शेगडी, दोन पातेली आणि पुस्तकांचा ढीग. जेएनयू नाहीतर यूपीएससीच्या निमित्ताने दिल्लीच्या मुनिरक्यात उतरलेल्या मराठी मुलांचा संसार साधारण एवढाच. त्यात कॅपुचिनो जमेल का? जमेल. महागडं यंत्र नसलं तरी चालतं, दुधाकडे मात्र नीट लक्ष हवं.

दिल्लीत फेसाळ कॉफीला तोटा नाही. थंडीतल्या लग्नांत ‘एस्प्रेसो’ मिळते. इन्स्टंट कॉफी घातलेल्या दुधात वाफ सोडायची आणि वर चॉकलेटची पूड भुरभुरायची. वसतिगृहांत कॉफी, साखर आणि चमचाभर पाणी हात दुखेपर्यंत फेटतात, मग गरम दूध ओततात. पहिलीत दूध छान फुलतं, पण कॉफी लेचीपेची. दुसरीत फेस भरपूर, पण तो साखर-कॉफीचा. कॅपुचिनोला कडक कॉफी आणि फुललेलं दूध, दोन्ही लागतात.

आधी कॉफी. कॅफेतलं यंत्र बारीक दळलेल्या पुडीतून सुमारे 9 बार दाबाने पाणी ढकलतं; 25 ते 30 सेकंदांत एस्प्रेसो उतरते. शेगडीवर चढवायच्या मोका पॉटमध्ये दाब एक-दोन बारच, तरी दुधाला पुरून उरेल इतकी दाट कॉफी मिळते. व्हॉल्व्हच्या खालपर्यंत गरम पाणी भरा, पूड दाबू नका, आच मंद ठेवा आणि फुरफुर सुरू होताच उतरवा. त्यानंतर येतं ते कडवट पाणी. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा मोका तापणार नाही, इंडक्शनला चालणारा स्टीलचा घ्या. मोकाच नसेल तर दाक्षिणात्य फिल्टर आहेच. शेजारच्या आर. के. पुरममध्ये मलाई मंदिर आहे, त्या भागात दाक्षिणात्य वस्ती जुनी. फिल्टर कॉफीची पूड शोधायला तिकडेच जा. चिकोरी नसलेली मागा.

आता दूध. फेस धरतात ती प्रथिनं. स्निग्धांश त्याला मऊपणा देतो. टोन्ड दुधात स्निग्धांश 3 टक्के, फुल क्रीममध्ये 6. टोन्ड पटकन फुलतं, पण घोट पातळ लागतो. कॅपुचिनोसाठी फुल क्रीम बरं. पिशवीतलं दूध पाश्चराइझ केलेलंच असतं, म्हणून कॉफीपुरतं न उकळता थेट फ्रीजमधून घ्या. आपल्याकडे दूध आणलं की आधी उकळायचं ही सवय इथे नडते. साय धरलेल्या दुधात गुठळ्या येतात आणि फेस एकसारखा होत नाही.

दूध तापवा आणि 60 ते 65 अंशांवर गॅस बंद करा. थर्मामीटर नसेल तर पातेल्याला हात लावून पाहा. चटका बसून हात मागे घ्यावासा वाटला की थांबा. 70 च्या पुढे उकळलेल्या दुधाचा वास येऊ लागतो. मग दूध फ्रेंच प्रेसमध्ये (जाळीचा दांडा असलेलं कॉफीचं भांडं) तिसऱ्या हिश्शापर्यंत ओता आणि दांडा पंधरा-वीस सेकंद भराभर खालीवर करा. साध्या रवीनेही फेस येतो, पण बुडबुडे मोठे राहतात. भांडं ओट्यावर एक-दोनदा आपटून ते फोडा आणि दूध ओल्या ऑइल पेंटसारखं चमकेपर्यंत गोल फिरवा.

जानेवारीतल्या थंडीत कप आधी गरम पाण्याने विसळा. 50 मिली कॉफीवर 100 ते 120 मिली दूध मधोमध ओता आणि लगेच प्या. रेंगाळलात तर फेस वर आणि दूध खाली अशी फारकत होते. साखर घालण्याआधी एक घोट तसाच घेऊन बघा. जपून तापवलेलं दूध मुळातच गोडसर लागतं, त्यामुळे अनेकांना साखर लागतच नाही.

पुढच्या आठवड्यात : दिल्लीचं जड पाणी, आरओ आणि चहा-कॉफीची चव.